दोष कुणाचा?

आमच्या नेरे गावात कुणाकडे बंदूक आली म्हटले की लोक आधी रानडुकरांची आठवण काढतात. २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या घरी एक लांब काळी पेटी आली, तेव्हाही शेजारच्या दोघा-तिघांनी तेच विचारले, "काय, डुकरं फार झालीत का?" मी हसून सांगितले, "नाही हो, पोरीसाठी आहे. नेमबाजीच्या खेळाची आहे." त्यांचे तेवढ्याने समाधान झाले. माझ्या आईचे झाले नाही.

आईने सत्तरी ओलांडली आहे. सकाळी त्रिशरण-पंचशील घेतल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नाही. तिने पेटी उघडलेली पाहिली आणि मला म्हणाली, "रोज माझ्याबरोबर पहिलं शील घेतोस ना? मग हे घरात कशाला आणलंस?" मी तिला समजावले की ही हवेवर चालते, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडते, बाकी काही नाही. त्यावर ती म्हणाली, "कागदाला भोक पाडायला अडीच लाख?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी लेकच पुढे झाली. "आजी, हिचं तोंड पाखराकडेसुद्धा वळणार नाही. शब्द देते." आईने नातीचा शब्द घेतला आणि विषय संपवला. माझ्याकडे मात्र तिने तशाच नजरेने पाहिले. तिची नजर बरोबर होती, हे कळायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांची हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर आहे. सव्वीस वर्षे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात आहे. माझी लेक सातवीत असताना शाळेतल्या बाईंच्या नादाने नेमबाजीला जाऊ लागली. हिंजवडीच्या बाजूला एक लहानशी रेंज आहे, तिथे ती क्लबची रायफल वापरायची. एकाच रायफलीवर चार-पाच मुले, प्रत्येकाची उंची वेगळी, प्रत्येकाचा खांदा वेगळा. आपली पाळी आली की दस्ता आपल्या मापाचा करून घ्यायचा आणि पाळी संपली की पुढच्याच्या हाती द्यायची. तशा परिस्थितीतही तिची प्रगती चांगली होती.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा सगळा व्यास ४५.५ मिलिमीटर असतो. त्यातला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीचे टोक टेकवल्यासारखा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, तो ठिपका पूर्ण झाकून टाकतो. साठ गोळ्या, त्यासाठी ७५ मिनिटे. २०१३ पासून मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेरीतही गुण दशांशात मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, साठ गोळ्यांना ६५४. मध्यापासून पाव मिलिमीटर सरकले की दशांश एक गुण गेला. आमच्या टूलरूममध्येसुद्धा पाव मिलिमीटरला कुणी थोडे म्हणत नाही. कदाचित म्हणूनच हा खेळ मला पहिल्या दिवसापासून आवडला.

१ ऑगस्ट २०२४ ला आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवले होते, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा खेळाडू बहात्तर वर्षांनी दिसला. रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा खेड्यातला मुलगा! माझी लेक उठून उभी राहिली होती. त्याच रात्री मी पत्नीला म्हणालो, "हिला स्वतःची रायफल घेऊन देऊ." पत्नीने हिशेब मांडला. थोडे दागिने, थोडी शिल्लक आणि कामगारांच्या पतपेढीचे कर्ज असे जुळवून दिवाळीनंतर रायफल आली.

आता माझी चूक सांगतो. ज्या विक्रेत्याकडून रायफल घेतली त्याने विचारले, "पॉवर थोडी वाढवून देऊ का? एकदम हाय पॉवर करून देतो." मला काय वाटले कोण जाणे. एवढे पैसे मोजतोय तर ताकद जास्त असलेली बरी, असा खेडवळ हिशेब मी केला आणि म्हणालो, "द्या करून." त्याने एक स्क्रू फिरवला आणि दोन गोळ्या झाडून दाखवल्या. धाडकन आवाज आला. मी खूश झालो. लेक काही बोलली नाही. तिने फक्त पेटीतले कारखान्याचे कार्ड काढून नीट वहीत ठेवले. चांगल्या रायफलीबरोबर कारखान्यातून एक कार्ड येते. त्या रायफलीने कारखान्यात झाडलेल्या गोळ्यांचे एकच भोक त्यावर असते.

नव्या रायफलीवर तिचे गुण वाढायच्या ऐवजी उतरले. क्लबच्या रायफलीवर ती साठ गोळ्यांत ६०४-६०५ करायची. नवीवर ५९८, मग ५९५, मग ५९२. पहिला आठवडा मी म्हणालो, सवय व्हायची आहे. दुसरा आठवडा म्हणालो, दस्ता बसला नसेल. तिसऱ्या आठवड्यापासून मी तिलाच बोलू लागलो.

मी कार्डे तपासायचो. छर्रे डावीकडे-उजवीकडे फारसे जात नव्हते. वर-खाली जात होते. नेमबाजीच्या पुस्तकात मी वाचले होते की गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या तर बहुधा श्वासाचा दोष असतो. श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि त्या थांब्यात चाप दाबायचा, तो थांबा चुकला की नळी वर-खाली होते. झाले! मला निदान सापडले. रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की माझे सुरू व्हायचे, "श्वास. श्वास चुकतोय तुझा. लक्ष कुठे असतं?" ती म्हणायची, "पप्पा, मला नाही वाटत." मी म्हणायचो, "तुला काय वाटतं ते कार्डावर दिसतंय."

ती सरावाची वही लिहिते. तारीख, गुण, काय जमले, काय चुकले. डिसेंबर महिन्याच्या प्रत्येक पानावर तिने "काय चुकले" या रकान्यात एकच शब्द लिहिला आहे : श्वास. हे मी नंतर पाहिले.

तालुक्यातले उसाचे ट्रॅक्टर कासारसाईच्या कारखान्याकडे चालले होते, थंडी चांगली पडली होती, तेव्हाची गोष्ट. ती रेंजवरून आली, जॅकेट खुंटीला लावले आणि म्हणाली, "मला उद्यापासून नाही जायचं." मी विचारले, "का?" ती म्हणाली, "मला जमत नाही. तुमचे पैसे वाया गेले." मी चिडलो. जे बोलू नये ते बोललो. कर्जाचे हप्ते काढले, तिच्या आईचे दागिने काढले. पोरगी न जेवता झोपली.

रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली. तिने रागावायला हवे होते, ती रागावली नाही. म्हणाली, "तुझे वडील महार रेजिमेंटला होते. सुट्टीवर आले की सांगायचे. नवी बंदूक हातात आली की जवानाला आधी ती 'झिरो' करायला लावायचे. बंदूक कुठे मारते ते आधी बघायचं. मग तो कुठे मारतो ते. बंदूक झिरो केल्याशिवाय जवानाला कुणी बोलायचं नाही. तू केलीस का रे झिरो?"

मी गप्प बसलो. १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली ती रेजिमेंट, तिच्यातून नाईक म्हणून निवृत्त झालेले माझे वडील, आणि त्यांच्या तोंडचे वाक्य लक्षात ठेवणारी, बंदुकीला हातही न लावणारी माझी आई! रात्रभर मला दुसरीच गोष्ट टोचत राहिली. कारखान्यात एखाद्या मशीनवर माल रिजेक्ट झाला तर मी ऑपरेटरला एक शब्द बोलत नाही. आधी डायल लावून स्पिंडल तपासतो, मग टूल, मग कच्चा माल, आणि शेवटी माणूस. नव्या पोरांना मी हेच शिकवतो. आणि स्वतःच्या घरात मी थेट माणसापासून सुरुवात केली होती, तीही पंधरा वर्षांच्या लेकीपासून.

रविवारी सकाळी घरामागच्या पडवीत मी दहा मीटर टेपने मोजले. एका टोकाला चिंध्या ठासून भरलेली पेटी ठेवली, तिच्या मागे जाड लोखंडी पत्रा तिरका लावला. दुसऱ्या टोकाला जड टेबल भिंतीला टेकवून त्याला बेंचव्हाइस बोल्ट केला. जबड्यांना लाकूड आणि त्यावर चामडे लावले आणि त्यात रायफल हलक्या हाताने पकडली. जास्त आवळली तर नळीवर ताण येतो, सैल ठेवली तर ती हलते. दस्त्याचे स्क्रू आधी तपासून घेतले, ते ठीक होते. लेकीला हाक मारली. ती आली, पण दारातच उभी राहिली.

मी म्हणालो, "आज तू नेम धरायचा नाहीस. कुणीच धरायचा नाही. रायफल जिथे मारेल तिथे मारू दे. दहा गोळ्या. तू फक्त चाप दाब."

व्हाइसमध्ये पकडलेल्या रायफलीला श्वास नसतो, नाडी नसते, परीक्षेची भीती नसते आणि ओरडणारा बापही नसतो. दहा गोळ्या झाल्या. मी कार्ड काढून आणले. भोक उभे होते. रुंदी साडेपाच मिलिमीटर, उंची साडेआठ. नवे कार्ड लावून पुन्हा दहा. पुन्हा तसेच उभे भोक. लेकीने वहीतले कारखान्याचे कार्ड आणून शेजारी ठेवले. त्यावरचे भोक गोल होते.

ती काही बोलली नाही. मीही बोलू शकलो नाही.

पुण्यात बंदुका दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कार्डे पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "पॉवर कुणी वाढवली?" मी खाली मान घातली. त्यांच्याकडे वेग मोजायचे यंत्र आहे. छर्रा दोन प्रकाशकिरणांमधून जातो आणि आकडा उमटतो. दहा गोळ्यांचे आकडे त्यांनी लेकीला लिहायला सांगितले. सर्वांत कमी सेकंदाला १६८ मीटर, सर्वांत जास्त १८६.

त्यांनी समजावले ते मला लगेच पटले, कारण ते आमच्याच धंद्यातले होते. रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात. ती थेट छर्ऱ्यावर सोडत नाहीत. मध्ये एक रेग्युलेटर असतो, तो दर गोळीला ठरावीक दाबाची हवा पुढे देतो. चाप दाबला की एक लहान हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते आणि तेवढी हवा छर्ऱ्यामागे जाते. हातोडीची स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त आवळली की ती झडपेवर दाणकन आदळते. मग झडप दर वेळी सारखीच उघडेल याची खात्री राहत नाही. ताकद वाढते, सारखेपणा जातो.

घरी येताना बसमध्ये मी हिशेब केला. १६८ च्या वेगाने निघालेला छर्रा दहा मीटर जाईपर्यंत साधारण १७.४ मिलिमीटर खाली येतो. १८६ च्या वेगाचा १४.२ मिलिमीटर. फरक तीन मिलिमीटरच्या वर! साडेपाच रुंदीचे भोक साडेआठ उंच का झाले, त्याचे उत्तर तिकिटाच्या मागच्या बाजूवर मावले. दर गोळीला सरासरी अर्धा मिलिमीटर जरी त्यात गेला तरी दोन दशांश गुण जातात आणि साठ गोळ्यांत बारा गुण. ६०४ वरून ५९२. पोरीचा श्वास एकदाही चुकला नव्हता, असे मी म्हणणार नाही. पण ज्या बारा गुणांसाठी मी तिला रडवले ते बारा गुण मी स्वतः दुकानात "द्या करून" म्हणून घालवले होते.

त्या गृहस्थांनी स्क्रू मागे घेतला. पुन्हा दहा गोळ्या. या वेळी आकडे १७१ ते १७४ मध्ये राहिले. वेगातल्या या फरकाने छर्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरने वर-खाली होतो. मी विचारले, "मग ताकद किती राहिली?" ते म्हणाले, "आठ ज्यूल. दहा मीटरवर कागद फाडायला एवढी पुष्कळ आहे. कागद काही पळून जात नाही." आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. त्या मर्यादेच्या निम्मी ताकदही या खेळाला लागत नाही. आईचा प्रश्न मला तिथे पुन्हा आठवला.

पुढचा रविवार छर्ऱ्यांचा होता. छर्रे दिसायला सारखे, वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर, पण डब्यावर डोक्याचे माप लिहिलेले असते : ४.४९, ४.५०, ४.५१. शिवाय प्रत्येक डब्यावर लॉटचा क्रमांक असतो. कुठल्या नळीला कुठला लॉट मानवेल हे सांगता येत नाही, झाडून पाहावे लागते. आम्ही सहा लॉटचे एकेक डबे आणले. पुन्हा व्हाइस, पुन्हा दहा-दहा गोळ्या. लेक झाडत होती, मी व्हर्नियरने मोजत होतो, पत्नी कार्डांवर क्रमांक घालत होती. आई खुर्ची टाकून बसली होती. सर्वांत वाईट भोक ७.४ मिलिमीटरचे, सर्वांत चांगले ५.६. त्या चांगल्या लॉटचे जेवढे डबे परवडले तेवढे आम्ही घेऊन ठेवले.

मग राहिला चाप. त्याला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा बोटाने सहज मागे येतो, तिथे थांबायचे, आणि दुसऱ्या टप्प्याला गोळी सुटते. मी ॲलन की हातात घेतली आणि सवयीने स्क्रूला लावणार, एवढ्यात थांबलो. तिला विचारले, "तुझ्या बोटाला काय वाटतं?" ती म्हणाली, "दुसरा टप्पा कुठे सुरू होतो ते नीट कळत नाही." की तिच्या हातात दिली. तिने पाव-पाव फेरा फिरवून, दर वेळी रिकामा चाप दाबून, अर्ध्या तासात हवा तसा लावून घेतला. गालाचा टेकू आणि खांद्याची पट्टीही तिनेच बसवली. मला काहीच करावे लागले नाही.

अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला याच दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. त्याने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की अंतिम फेरीआधीच्या सरावात त्याची पहिलीच गोळी फार दूर गेली. तो स्वतःला दोष देत बसला नाही. साइट फिरवून रायफल जागेवर आणली आणि मग स्पर्धा खेळला. मी हे लेकीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या शेजारी त्याचे पप्पा नसतील." ती हसत होती म्हणून मीही हसलो. पण लागायचे ते लागले.

जानेवारीच्या शेवटी तिने पुन्हा साठ गोळ्या झाडल्या. ६०७ झाले. चमत्कार वगैरे काही नाही. राष्ट्रीय पातळीला याहून पुष्कळ जास्त गुण लागतात आणि ती तिथे जाईल की नाही हे मला माहीत नाही. पण आता गोळी नऊवर गेली तर ती स्वतः सांगते, "ही माझी चूक," आणि मला ते खरे वाटते, कारण बाकीचे सगळे आम्ही तपासलेले आहे.

पालकांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलांसाठी रायफल घेताना कारखान्याचे कार्ड मागून घ्या. सिलिंडरवरची मुदत पाहा. दुकानात ताकद वाढवून घेऊ नका. वापरानंतर ती कुलपात ठेवा, छर्रे वेगळे ठेवा, आणि शिसे हाताला लागते म्हणून मुलांना हात धुतल्याशिवाय जेवायला बसवू नका. आणि गुण कमी आले तर, मग ते नेमबाजीचे असोत की शाळेचे, आधी मुलाला दिलेले साधन तपासा. दिवा पुरेसा आहे का, पुस्तक आहे का, चष्म्याचा नंबर बदलला आहे का, पाहा. मुलाला बोलायला वेळ पुष्कळ असतो.

त्या डिसेंबरची वही मी एके रात्री तिला न विचारता उघडली. प्रत्येक पानावर "श्वास" लिहिलेले होते. खोडावेसे वाटले, पण खोडले नाही. तिच्या नोंदी तिच्याच राहाव्यात. प्रत्येक पानाच्या तळाशी मी तारीख घालून लिहिले, "ही चूक पप्पांची होती." एकूण बावीस पाने भरली.

सकाळी तिने ती पाहिली आणि आजीला नेऊन दाखवली. आईने चष्मा लावून पहिले पान वाचले, मग दुसरे वाचले, आणि वही मिटून नातीच्या हातात दिली. मला म्हणाली, "चल, वंदनेला बस. उशीर झालाय."